मूर्तीचा उजवा हात कुठला? म्युझियममधल्या या चुका टाळा

पाटी वाचायची, फोटो काढायचा, पुढच्या काचेकडे सरकायचं. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधलं एक दालन असं चार मिनिटांत 'उरकतं'. मग बाहेर आल्यावर विचारा, विष्णूच्या खालच्या उजव्या हातात काय होतं? उत्तर हमखास चुकतं, आणि चुकतं ते डाव्या-उजव्यातच.

मूर्तीचा उजवा हात म्हणजे तिचा स्वतःचा उजवा. समोर उभं राहिलं की तो आपल्या डावीकडे येतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि वहीत टिपताना सगळेच विसरतात. विष्णूच्या चोवीस मूर्तींत, म्हणजे संध्येत म्हणतात त्या केशव, नारायण, माधव अशा चोवीस नावांच्या रूपांत, हा विसर फार महागात पडतो. मुकुट तोच, उभं राहणं तेच. नाव ठरतं ते शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहे यावरून. क्रम असा: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशव. तीच मूर्ती आपल्या उजवीकडून वाचली की येतं गदा, चक्र, शंख, पद्म. झाला माधव! संध्येतलं पहिलं नाव गेलं, तिसरं लागलं. मग पाटीच चुकीची आहे म्हणून तिथल्या माणसाशी हुज्जत. (यादी ग्रंथागणिक थोडी बदलते, पण मोजायची सुरुवात आधी बरोबर करा, ग्रंथांचं नंतर बघू.) मूर्तीसोबत सेल्फी काढली असेल आणि मोबाइलने ती आरशासारखी उलटी साठवली असेल, तर घरी बसून तपासायचीही सोय नाही.

कोल्हापूरकराने तरी हे चुकू नये. अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र. हीच फेरी. तरी गोंधळ होत असेल तर मूर्तीकडे पाठ करून उभं राहा आणि स्वतःचे हात मोजा. लोक हसतात, हसू देत.

दुसरी चूक म्हणजे जिथे सापडलं तिथेच घडलं असं धरणं. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर कांस्याचा पोसायडन मिळाला. तो ग्रीकांचा समुद्रदेव. त्यावरून 'इथे ग्रीकांची वसाहत होती' इथवर उडी मारणारे आहेत. सातवाहन काळात रोमन जगाशी समुद्रमार्गे व्यापार चालायचा, त्यातून अशा वस्तू घाटावर पोचल्या. ब्रह्मपुरीनेच स्वारांसह हत्तीचं कांस्यशिल्पही दिलं, आणि ते अस्सल भारतीय घडणीचं आहे. वहीत दोन रकाने पाडा: सापडलं कुठे, घडलं कुठे. दुसरा रिकामा राहिला तर राहू द्या.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी-जपानी कला बघताना वेगळे घोटाळे होतात. हसरा, ढेरपोट्या तो गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, चीनमधला भिक्षू, मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानलेला. गुंडाळी-चित्र उजवीकडून डावीकडे बघायचं, नाहीतर गोष्ट शेवटापासून सुरू होते. दिवे मंद आहेत म्हणून कुरकुर नको: कागद आणि रेशमावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून प्रकाश साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात. दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

नाक तुटलेलं दिसलं की 'आक्रमकांनी फोडलं' हा निकाल तयारच असतो. मूर्ती नुसती पालथी पडली तरी आधी नाक आणि हातच जातात. छिन्नीचे घाव शोधा, मग बोला.

दक्षिणेकडच्या कांस्यमूर्तीचा चेहरा बघून पुढे जाऊ नका, पीठ म्हणजे खालची बैठक बघा. तिथली भोकं आणि कड्या उत्सवात दांड्यांवर बांधून मिरवण्यासाठी असतात.

आणि सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापुरात उतरून रात्रीच्या गाडीआधी 'सगळं' बघायचा हट्ट सोडा. पाच वस्तू निवडा, प्रत्येकीला पंधरा मिनिटं द्या. त्यात एखादं लघुचित्र असू द्या. ते हातात धरून बघायला काढलेलं असतं, तीन फुटांवरून त्यात काही दिसत नाही. फ्लॅश बंद ठेवून काचेपासून फूटभर अंतरावर उभं राहा आणि आधी कडेची झाडं बघा.