करडांना काय, कधी आणि किती द्यायचं
करडू जन्मलं की अर्ध्या-एक तासात चीक (शेळी व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पोटात गेलाच पाहिजे, शेळीची वार (जार) पडायची वाट बघत बसू नका, सड कोमट पाण्याने पुसा, पहिल्या एक-दोन धारा सोडा आणि लावा करडाला. दिवसभरात वजनाच्या 10 टक्के, म्हणजे 2 किलोच्या करडाला साधारण 200 मिली, तीन-चार वेळा थोडा थोडा. उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी-तिळी होतात तेव्हा दांडगं करडूच सगळं पितं नि बारकं उपाशी राहतं, त्याला हाताने धरून पाजा प्लीज. 15 दिवसांनी शेवरीचा कोवळा पाला तोंडाच्या उंचीला टांगा, खाली टाकला की तुडवतात मग तोंड लावत नाहीत. महिन्यानंतर मका भरडा नि पेंड मूठभर, हळूहळू वाढवा, एकदम दिला तर हगवण लागते.