स्कॅनर घेऊन विमानप्रवास : या चुका टाळा

रेडिओ ऐकण्याचा नाद असलेला माणूस प्रवासाला निघाला की बॅगेत कपड्यांच्या आधी रेडिओ जातो. माझंही तसंच आहे. आणि हा नाद असलेले मित्र परदेशी निघाले की फोनवर एकच प्रश्न विचारतात : "एक्स-रेमध्ये स्कॅनर दिसल्यावर अडवतील का?" बहुतेक वेळा बॅग बाजूला काढतात, काय आहे ते विचारतात, चालू करून दाखवायला लावतात. पाच-दहा मिनिटांचं काम. नडतं ते त्याच्या आधी आणि नंतर : घरी बॅग भरताना, विमानात सीटवर बसल्यावर, आणि सर्वांत जास्त परक्या देशात उतरल्यावर.

स्कॅनर म्हणजे इथे फक्त ऐकणारं यंत्र. पोलिस, अग्निशमन दल, विमानं, जहाजं, हॅम (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे) अशा वेगवेगळ्या बँडवरून, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवरून, आपोआप फिरत राहणारं आणि कुठे बोलणं सुरू असेल तिथे थांबणारं. त्यातून काही पाठवता येत नाही. पण पहिली चूक नेमकी याच समजुतीतून होते.

"फक्त ऐकतोय, त्याने काय होतंय?"

खिडकीजवळची जागा मिळाली, विमान वर गेलं, आता वैमानिक आणि एटीसी (जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष) यांचं बोलणं थेट ऐकावं असा मोह होतो. मोह मी समजू शकतो. ३५ हजार फुटांवरून रेडिओचं क्षितिज चारशे किलोमीटरच्या पलीकडे जातं. पण ऐकणारा रेडिओही थोडंफार बोलत असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बहुतेक रेडिओंच्या पोटात एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच एक फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट, असतो. बाहेरून आलेली फ्रिक्वेन्सी त्याच्याशी मिसळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणली जाते आणि मग ती ऐकू येते. पारंपरिक एफएम रेडिओत हा फरक १०.७ मेगाहर्ट्झचा. म्हणजे मुंबई-पुण्यात ९८.३ लावलंत, तर आतला ऑसिलेटर ९८.३ अधिक १०.७, म्हणजे १०९.० मेगाहर्ट्झवर चालू असतो आणि त्यातला किंचित अंश अँटेनातून बाहेर झिरपतो. १०७.१ लावलंत तर ११७.८. आता विमानाकडे बघा. दिशा दाखवणारं व्हीओआर आणि उतरताना धावपट्टीची मधली रेषा दाखवणारा लोकलायझर यांचा बँड १०८ पासून ११८ मेगाहर्ट्झच्या उंबरठ्यापर्यंत. तुमचा रेडिओ नेमका त्याच बँडमध्ये कुजबुजतोय, आणि तोही विमानाच्या अँटेनापासून काही मीटरवर बसून.

हल्लीच्या चिपवाल्या रेडिओंची रचना वेगळी असते, हे खरं. पण स्कॅनर अनेक बँडवर उड्या मारतो, प्रत्येक उडीबरोबर त्याचा ऑसिलेटरही जागा बदलतो. तो कोणत्या क्षणी कुठे असेल, हे केबिन क्रूला कळायचा मार्ग नाही आणि तुम्हालाही नाही. अमेरिकेच्या विमान नियमांत प्रवाशांच्या उपकरणांवर बंदी घालणारं कलम आहे, त्यात मोजकेच अपवाद नावानिशी दिलेत : श्रवणयंत्र, पेसमेकर, आवाज नोंदवणारं यंत्र, इलेक्ट्रिक शेव्हर. बाकी सगळं विमान कंपनीने तपासून परवानगी दिली तरच. रेडिओ त्या नावांत नाही.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो : २०१३ मध्ये अमेरिकेने आणि २०१४ मध्ये आपल्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) मोबाइल-टॅबलेट वापरायला मोकळीक दिली, मग स्कॅनरला का नको? मोकळीक मिळाली ती फ्लाइट मोडमधल्या उपकरणांना. स्कॅनरला फ्लाइट मोड नसतो. त्याचं काम एकच, आणि ते करताना त्याचा ऑसिलेटर चालूच राहणार. त्यामुळे दार बंद होण्याआधी स्कॅनर बंद, आणि विमानातून बाहेर पडेपर्यंत बंद. क्रूला विचारलं तर परवानगी मिळेल या आशेने विचारूही नका. त्यांच्याकडे ती द्यायला आधार नसतो आणि उगाच त्यांचं लक्ष तुमच्यावर राहतं. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सने वर्षानुवर्षं एटीसीचं बोलणं विमानातल्या 'चॅनल ९'वर प्रवाशांना ऐकवलं. अशी सोय समोर असेल तर हेडफोन लावून जरूर ऐका. विमानाच्याच रेडिओवरून येणारा तो आवाज खिडकीतून पकडलेल्या आवाजापेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात बसून छोट्या अँटेनाने फार काही हाती लागत नाही.

हँडीला स्कॅनर म्हणणं

पुष्कळांकडे खरा स्कॅनर नसतोच. दोन-तीन हजारांत मिळणारा चिनी हँडी, म्हणजे हातात मावणारा वॉकी-टॉकी, असतो आणि तो "स्कॅनर म्हणून" वापरला जातो. हा गोंधळ धोक्याचा आहे, कारण हँडी पाठवतो. १४४ मेगाहर्ट्झवर चार-पाच वॅट. बॅगेत दोन पुस्तकांच्या मध्ये त्याचं बटण दाबलं गेलं, तर बॅटरी संपेपर्यंत किंवा टाइमर तोडेपर्यंत तो ओरडत राहील. कीपॅड लॉक करून भागत नाही, बऱ्याच सेटमध्ये लॉक केल्यावरही बोलण्याचं बटण चालूच असतं. बॅटरी काढूनच ठेवा. सेट वेगळा, बॅटरी वेगळी.

कायद्याच्या बाजूनेही हँडी हे वेगळंच प्रकरण आहे. भारतात परवान्याशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे ठरावीक सेट. बाकीच्यांना परवाना लागतो. ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं, ही समजूत इतकी पसरली होती की मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ई-कॉमर्स कंपन्यांसाठी वॉकी-टॉकीच्या विक्रीबद्दल खास मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. परदेशात स्वस्त दिसला म्हणून आणलेला सेट कस्टम्सला अडकतो तोही यामुळेच. हॅम असाल तर परवान्याची प्रत सेटच्याच पाकिटात ठेवा. आणि हेही नीट लक्षात घ्या की आपला हौशी परवाना हौशी बँडपुरता आहे, जसे व्हीएचएफवर १४४ ते १४६. विमानांचं किंवा पोलिसांचं बोलणं ऐकायची मुभा त्यातून मिळत नाही.

बॅटरी चेक-इन बॅगेत टाकणं

सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. चेक-इन बॅगेत त्यांना मनाई आहे, कारण मालकक्षात आग लागली तर हाताने विझवायला तिथे कुणी पोचू शकत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या मध्ये लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. हँडीची ७.४ व्होल्ट, १८०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम १३ वॉट-अवर. पण डोंगरावर नेतो ती १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी २५६ भरते. ती घरीच ठेवा. टोकांना चिकटपट्टी लावा. साध्या रिचार्जेबल पेन्सिल सेलनाही डबी हवी, किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटे पडलेले सेल तापतात.

सिक्युरिटीच्या टेबलावर

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. स्कॅनर स्वतःहून ट्रेमध्ये काढून ठेवा. अँटेना काढून ठेवा, नाहीतर ट्रेच्या कडेत अडकून ती तुटते, किंवा त्याहून वाईट, सेटवरचं कनेक्टर ढिलं होतं. "हे काय?" याला "रेडिओ" हे उत्तर पुरेसं आणि खरं आहे, चालू होईल एवढं चार्जिंग असू द्या. घरच्या बनावटीचं यंत्र, उघड्या वायरी, पेटीबाहेरचं सर्किट घेऊन जाऊ नका.

एक गोष्ट मी स्वतः भोगून शिकलो. एका विमानतळावर स्कॅनरबद्दल कुणी काही बोललं नाही, पण माझी डायरी उघडली गेली आणि तिच्यात हाताने लिहिलेल्या फ्रिक्वेन्सींची पानंच्या पानं निघाली. पुढचा पाऊण तास मी एका बाकावर बसून तीच पानं तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना समजावत होतो. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आकडे, वेळा, आणि शेजारी 'टॉवर', 'अप्रोच' असे शब्द. त्यांच्या जागी मीही विचारलंच असतं. तेव्हापासून डायरी घरी राहते, यंत्राचं मॅन्युअल बरोबर जातं.

उतरल्यावरचा कायदा

ही सर्वांत मोठी चूक. विमानात नेता आलं म्हणजे त्या देशात बाळगता येतं, असं होत नाही. सिक्युरिटीवाला बघतो ते विमानाला धोका आहे का एवढंच.

जुन्या घरांत पोस्टाच्या शिक्क्यांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून सापडतं. साध्या रेडिओचं लायसन्स ऐंशीच्या दशकात गेलं, पण ज्या कायद्यातून ते आलं त्याचा गाभा टिकला. १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरवलं, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी हवी हे तत्त्व सोडलेलं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश विमानप्रेमींना याचा अनुभव आला. खोलीतून विमानं बघायची, स्कॅनरवर एटीसी ऐकायचं, हा त्यांचा छंद. हॉटेलमधूनच खबर गेली, अटक झाली, आणि परवाना नसलेल्या यंत्रांबद्दल गुन्हा कबूल करून दंड भरेपर्यंत सुमारे दोन महिने ते इथेच अडकले. परदेशातला पाहुणा किंवा जावई "माझा स्कॅनर घेऊन येऊ का?" विचारत असेल तर त्याला हे आधीच सांगा.

उपग्रहाशी बोलणारी यंत्रं तर भारतात अधिकच काटेकोरपणे पाहिली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात कॅनडाच्या एका धावपटूने सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये स्वतःहून ठेवलेलं, डोंगरात मदत मागण्यासाठीचं उपग्रह संदेशयंत्र पाहून तिला ताब्यात घेतलं गेलं. शिवाय गोव्याचं दाभोळी हा नौदलाचा तळ आहे, पुण्याचं लोहगाव वायुदलाचा. इथे गॅलरीत उभं राहून स्कॅनर कानाला लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

परदेशातही एकच नियम नाही. ब्रिटनमध्ये स्कॅनर विकत घ्यायला, बाळगायला हरकत नाही, पण तुमच्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेत एअरबँड, म्हणजे विमानांच्या बोलण्याचा बँड, ऐकायला मोकळीक, ऑशकॉशच्या विमानमेळ्यात तर लोक कानाला स्कॅनर लावूनच फिरतात. पण न्यूयॉर्क, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत पोलिसांचे बँड पकडणारा स्कॅनर गाडीत ठेवण्यावर बंधनं आहेत, आणि आपल्याकडची मुलं भाड्याची गाडी घेऊन बेधडक राज्यं ओलांडतात. ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये कलामाताला विमानांचे नंबर टिपणारे ब्रिटिश आणि डच छांदिष्ट हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. निर्दोष सुटायला अपिलापर्यंत, म्हणजे एक वर्ष, जावं लागलं. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या नियामकाचं पान वाचा : ब्रिटनसाठी ऑफकॉम, अमेरिकेसाठी एफसीसी, अमिरातीसाठी टीडीआरए. उत्तर स्पष्ट नसेल तर स्कॅनर घरी ठेवा.

पोचलो, पण काहीच ऐकू येत नाही

ऐकायला मुभा आहे अशा ठिकाणी पोचूनही स्कॅनर मुका राहिला, तर आधी मोड बघा. विमानांचं बोलणं एएममध्ये असतं, सेट एफएमवर राहिला तर शब्द फाटके येतात किंवा येतच नाहीत. युरोपात असाल तर स्टेप, म्हणजे सेट एका उडीत किती पुढे सरकतो ते, बघा. तिथे चॅनलमधलं अंतर ८.३३ किलोहर्ट्झवर आणलंय, आपल्याकडे २५. २५ च्या स्टेपवर अडकलेला जुना सेट तिथले कितीतरी चॅनल ओलांडून जातो. शिवाय आकडेही फसवतात : ११८.००५ असं लिहिलेला चॅनल प्रत्यक्षात ११८.००० वरच असतो, ८.३३ च्या अरुंद जागेत. शहरातल्या एखाद्या एफएम टॉवरजवळ उतरला असाल तर लांब अँटेना काढून छोटी लावा, त्या एका जबरदस्त सिग्नलने सेटचे कान बंद झालेले असतात.

आणि मीडियम वेव्ह असलेला सेट अमेरिकेतून परत आणलात, की घरी तो बिघडल्यासारखा वाटेल. तिथे स्टेप १० किलोहर्ट्झ, इथे ९. दहाच्या उड्यांत ५५० येतं, ५६० येतं, आणि आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ वर मध्येच राहून जाते. मेनूत जाऊन स्टेप ९ करा.