पावसाळ्यात अडकणारं दार घरी कसं दुरुस्त करावं: हत्यारं, धार आणि रंधा

जुलै लागला की घराघरांतली दारं चौकटीत अडकायला लागतात. खांद्याने ढकलायचं, पायाने रेटायचं, आणि दसऱ्यानंतर दार आपोआप सुटलं की विसरून जायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. एवढ्याशा कामाला सुतार सहजासहजी येत नाही. घाईत येऊन गेला, तर उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. हे काम घरी नीट होऊ शकतं. त्याला मोजकी हत्यारं लागतात आणि तीच पुढे डुगडुगणारं टेबल, न सरकणारा खण, निखळलेली कडी यांनाही उपयोगी पडतात. म्हणून हत्यारांची ओळख इथे या एकाच कामाच्या निमित्ताने करून घेऊ.

आधी दार फुगतं कसं ते समजून घ्या. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि रेषांना आडवं फुगतं. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या रुंदीत फुगतात, म्हणून दार बाजूने अडकतं. उंचीला ते सहसा अडकत नाही. वरून किंवा खालून घासत असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं.

१. रंध्याच्या आधी बिजागऱ्या

दार अर्धवट उघडा, कडीच्या बाजूने धरून वर उचलून पाहा. वरची बिजागरी हलली तर दार लोंबलं आहे. अशा दाराचा कडीकडचा वरचा कोपरा चौकटीला लागतो आणि खालचा कोपरा फरशीवर घासतो. त्याला रंधा (लाकूड तासायचं हत्यार) मारणं म्हणजे चांगलं लाकूड फुकट घालवणं.

दाराखाली पाचर ठोकून वजन पेलून धरा आणि सैल स्क्रू काढा. स्क्रूच्या खाचेत जुना रंग बसलेला असतो, तो आधी टोकदार वस्तूने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसलं पाहिजे. बारीक टोकाने जोर लावला की खाच झिजते आणि मग तो स्क्रू कोणालाच निघत नाही. घरात एक चपटा आणि एक २ नंबरचा फुलीचा एवढे दोन ड्रायव्हर पुरतात. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियाचे ड्रायव्हर आणि पक्कड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि घरकामाला उत्तम आहेत.

मोकळ्या झालेल्या भोकात बांबूची काडी फेविकॉलमध्ये बुडवून ठोका. बांबू नसेल तर गुल काढलेल्या आगकाड्या चालतात. बाहेर राहिलेलं टोक पटाशीने (लाकूड कापायच्या चपट्या छिन्नीने) सपाट कापा आणि रात्रभर वाळू द्या. मग ८ नंबरच्या स्क्रूसाठी अडीच ते तीन मिलिमीटरचं भोक पाडा, स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा आणि पिळा. साबण लावू नका. तो ओल ओढतो आणि स्क्रू गंजतो.

बऱ्याच घरांत काम इथेच संपतं.

२. कुठे घासतं ते शोधा

बिजागऱ्या घट्ट असूनही दार अडकत असेल तर चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू घासा. दार बंद करून उघडा. दाराच्या कडेवर खडू जिथे उमटेल तेवढंच लाकूड काढायचं आहे. नंतर दार शक्य तितकं लावून चौकटीच्या कडेपासून अर्धा सूत आत, दाराच्या अंगावर टोकदार पेन्सिलीने रेघ ओढा. सुतारांचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. फुगलेल्या दाराला अर्ध्या सुताची फट पुरे. ते सुकलं की फट आपोआप वाढते.

आता धीर धरायचा. माझं ठाम मत असं की खुणा पावसाळ्यात कराव्यात आणि रंधा दिवाळीनंतर मारावा. ओल्या लाकडावर रंध्याचा काप फाटका येतो आणि उघड्या पडलेल्या कडेवर रंगही धरत नाही. पण खूण पावसाळ्यातच हवी. कोरड्या दिवसांत दार मोकळं फिरतं आणि ते कुठे अडकत होतं हे सांगता येत नाही. दार अगदीच बंद होत नसेल, तर आत्ता एक-दोन काप काढा आणि बाकीचं नंतर करा.

३. हत्यारं घेताना

शंभर नगांची चकचकीत पेटी घेऊ नका. तिच्यातलं बहुतेक कधी बाहेर निघत नाही आणि जे लागतं तेच कच्च्या लोखंडाचं निघतं. एकेक हत्यार घ्या, पण चांगलं घ्या. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे हातात धरून, वजन तोलून घेता येतं.

रंधा हे या कामाचं मुख्य हत्यार. लोखंडी रंध्यांना स्टॅन्ली कंपनीने रूढ केलेले नंबर असतात. ४ नंबर साधारण साडेनऊ इंचांचा, ५ नंबर १४ इंचांचा. दारासाठी १४ इंची घ्या. लांब तळ उंचवट्यांवर टेकत जातो, फक्त वर आलेलं लाकूड कापतो आणि कड सरळ होते. आखूड रंधा खाचखळग्यांत उतरतो आणि कडेची लाट तशीच ठेवतो. दुकानात स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघा. पात्याच्या तोंडाजवळ आणि दोन्ही टोकांना उजेड दिसता कामा नये. जुन्या बाजारातला रंधाही चालतो, फक्त तोंडाजवळ तडा नसावा आणि पातं पुरेसं शिल्लक असावं.

पटाश्या दोन घ्या, अर्धा इंची आणि एक इंची. लाकडी मुठीची असेल तर लाकडी हातोड्याने ठोका, लोखंडी हातोडीने मूठ फुटते. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) सहा इंची पुरे. विकत घेण्याआधी सरळ कडेच्या फळीला लावून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी ओढा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. तेवढ्यासाठी दुकानात फळी मागायला लाजू नका.

करवत या कामाला लागत नाही, पण घेणारच असाल तर इंचाला आठच्या आसपास दात असलेली घ्या. हल्ली दातांची टोकं निळसर-काळी दिसणाऱ्या करवती मिळतात. ते दात कडक केलेले असतात, कानशीने त्यांना धार लागत नाही. बोथट झाली की ती करवत टाकावी लागते. हातोडी अर्ध्या किलोच्या आतली, खिळे उपटायचा फाटा असलेली घ्या. सिमेंटच्या भिंतीत स्क्रूची गिट्टी बसवायला मात्र ड्रिल मशीनच लागतं, ते भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणा.

४. धार, जिच्यावर सगळं अवलंबून आहे

नवीन रंधा किंवा पटाशी दुकानातून धारदार येत नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. लोक ती तशीच वापरतात, लाकूड फाटतं, मनगट दुखतं आणि "हे आपलं काम नाही" म्हणून हत्यार माळ्यावर जातं. बोथट पटाशी धोक्याचीही असते. तिला जोर लावावा लागतो आणि जोराने रेटलेलं हत्यार निसटलं की थेट दुसऱ्या हातावर येतं. म्हणून पहिली संध्याकाळ लाकडाला न लावता धारेला द्या.

दोन बाजूंचा ऑइल स्टोन घ्या, एक बाजू जाड आणि एक बारीक. नसेल तर जाड काचेवर किंवा सपाट ग्रॅनाइटच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवा. २२०, ४००, ८०० आणि १५०० नंबर क्रमाने वापरा.

आधी पात्याची पाठ, म्हणजे उतार (धारेकडचा तिरपा भाग) नसलेली बाजू. ती दगडावर पूर्ण टेकवून घासा. धारेकडचा बोटभर भाग एकसारखा चमकू लागेपर्यंत थांबू नका. कंटाळवाणं काम आहे, पण एका पात्याला ते एकदाच करावं लागतं. धार दोन पृष्ठभागांच्या भेटीतून होते आणि पाठ खडबडीत असेल तर उतार कितीही घासून फायदा नाही.

मग उतार. लाकूडकामाच्या पात्याला २५ ते ३० अंशांचा उतार हवा. कोनमापक लागत नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की कोन बरोबर ३० अंशांचा. ती दुपटीहून थोडी जास्त असेल तर कोन २५ अंशांकडे झुकतो. उतार दगडावर टेकवा, दोन बोटं धारेजवळ दाबून ठेवा, मनगट न हलवता पुढे-मागे घासा. मनगट झुललं की उतार गोल होतो आणि गोल उताराचं पातं कापत नाही. हात स्थिर राहत नसेल तर कोन धरून ठेवणारा चाकाचा धारक मिळतो, तो बिनदिक्कत वापरा.

थोड्या वेळाने पाठीच्या बाजूने बोट धारेकडून बाहेर हलकेच सरकवा, धारेच्या लांबीने कधीही नाही. बारीक खरखर लागली, तीही धारेच्या पूर्ण रुंदीत, की जाड दगडाचं काम झालं. आता बारीक दगडावर तेच करा. शेवटी पाठ सपाट ठेवून दोन-तीनदा घासली की ती खरखरीत कड निघून जाते. जुन्या चामडी पट्ट्यावर पातं मागे ओढलं तर धार आणखी सुधारते.

परीक्षा कागदावर घ्या. हातात लोंबता धरलेला वर्तमानपत्राचा कागद पात्याने न फाटता कापला गेला पाहिजे. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर मारते. दार सागाचं असेल तर कामाच्या मध्ये एक-दोनदा दगडाकडे परत यावं लागेल.

५. रंधा मारणे

दार उतरवायला दोन माणसं हवीत. आधी खालची बिजागरी सोडवा, वरची शेवटी. दार जुन्या सतरंजीवर आडव्या कडेने उभं करा, एकाने ते भिंतीच्या कोपऱ्यात धरून ठेवा. कडेतले खिळे, कडीच्या पट्ट्या, जुने स्क्रू सगळे काढा. एक खिळा राहिला तरी पात्याला दात पडतो.

रंधा उलटा धरून तळावरून नजर टाका. पात्याची कड केसासारखी बारीक आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली तर वरच्या दांडीने सरळ करा. तळावर मेणबत्तीची एक रेघ ओढा, रंधा बराच हलका पळतो.

आता लाकडाच्या रेषा बघा. बाजूने पाहिलं तर त्या तिरप्या वर चढताना दिसतात. ज्या दिशेने चढतात त्याच दिशेने रंधा मारा. उलट मारला तर पातं रेषांखाली घुसतं आणि लाकूड उचकटतं. हाताला झटके बसू लागले तर दिशा बदला. सुरुवातीला वजन पुढच्या मुठीवर, संपताना मागच्या. असं केलं नाही तर दोन्ही टोकं जास्त कापली जातात आणि कड मध्ये फुगीर राहते. पातळ, अखंड, गुंडाळलेला काप निघाला की सगळं जमलं असं समजा. चार काप झाले की रेघ बघा, गुण्या लावून बघा. दार बंद होताना जी कड आधी चौकटीत शिरते, ती किंचित जास्त उतरवा, म्हणजे कमी लाकूड काढूनही दार सुटतं.

वरची किंवा खालची कड रंधायची वेळ आली तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. सरळ पार नेलं की शेवटच्या कोपऱ्याची चिरफळी उडते. फ्लॅटमधल्या प्लायवूडच्या दारांना कडेने अस्सल लाकडाची बारीक पट्टी लावलेली असते. ती संपेपर्यंत रंधू नका आणि सनमायकाला पातं लावू नका.

कडीच्या बाजूला आत बसवलेलं कुलूप असेल तर बिजागरीच्या बाजूने लाकूड काढणं सोपं. मात्र मग बिजागरीच्या खाचा तेवढ्याच खोल कराव्या लागतात. बिजागरी जागेवर ठेवून तिच्याभोवती धारदार चाकूने रेघ कापा. पेन्सिलीची रेघ जाड असते, चाकूच्या चिरेत पटाशी आपणहून बसते. उतार खाचेच्या आत ठेवून कडेने उथळ ठोका, मग पाव-पाव इंचावर आडवे घाव घाला आणि पटाशी आडवी करून ते पापुद्रे हाताच्या दाबाने काढा. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे राहिले पाहिजेत. लाकूड हाताने धरायची वेळ आली तर आधी ते बांधा किंवा शिकंज्यात पकडा.

६. कड उघडी ठेवू नका

रंधलेली कड तशीच राहिली तर पुढच्या पावसात ती अधिक ओल पिते. वाळल्या दिवसांत प्रायमर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात द्या. नुसत्या बेलतेलाने (जवसाच्या उकळलेल्या तेलाने) दिसायला छान दिसतं, पण ओल रोखण्यात रंग पुढे आहे. बेलतेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. दार उतरवलेलंच आहे तर त्याचा तळ आणि डोकंही रंगवून घ्या. रंगारी ह्या दोन कडा जवळजवळ नेहमी सोडतात आणि न्हाणीघराच्या दारात ओल तिथूनच चढते.

काम झालं की रंध्यातला भुसा झटका, पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ हे प्रत्येक वापरानंतर करावं लागतं. रंधा ठेवताना तळावर नको, कुशीवर ठेवा. पटाश्यांच्या टोकांना पुठ्ठ्याच्या टोप्या करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हत्यारं गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. खंडेनवमीला हत्यारं पुजायला बाहेर काढाल, तेव्हाच पावसात चढलेला गंज तेल आणि बारीक पॉलिशपेपरने उतरवून घ्या आणि धारही तपासा, कारण दाराचं उरलेलं काम दिवाळीनंतर करायचं आहे.