दोन लाख सुनंदा

पतसंस्थेच्या पिग्मीचं सॉफ्टवेअर लिहीत होते, तेव्हा माझ्या डेटाबेसमध्ये अकरा सभासद होते. टेस्ट १, टेस्ट २, अबक, आणि पुढे कंटाळा आल्यावर घरातलीच माणसं. त्या अकरा जणांवर सगळं सुसाट चालायचं. शाखेत बसवलं आणि पहिल्याच ३१ मार्चला थकबाकीची यादी उघडायला इतका वेळ लागला, की शाखाधिकारी चहा पिऊन आले तरी स्क्रीन पांढरीच. ते काही बोलले नाहीत. नुसते खुर्ची मागे सरकवून बसले.

तेव्हापासून टेबलं तयार झाली की मी आधी खोटा डेटा भरते. ‘खऱ्या बॅकअपची कॉपी घे की’ असं सांगणारे भेटतात. घेऊ नका. लोकांचे मोबाइल, आधार, कर्जाचे आकडे तुमच्या लॅपटॉपवर कशाला? २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी घेतली नसती.

मी पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरते. त्यात जनरेट_सीरीज(१, २०००००) लिहिलं की दोन लाख ओळी मिळतात, आणि एकाच इन्सर्टमध्ये (ओळी घालायच्या आज्ञेत) टेबल भरतं. नावांसाठी मी पहिल्यांदा चाळीस नावांचं टेबल केलं आणि सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या पोटातली छोटी क्वेरी, लिहिली: ऑर्डर बाय रँडम(), लिमिट १, म्हणजे नावं पिसून त्यातलं एक उचल. निकाल पाहिला तर दोन लाख सभासद आणि सगळ्यांचं नाव सुनंदा! कारण ती सबक्वेरी बाहेरच्या ओळीवर कुठेच अवलंबून नव्हती. पोस्टग्रेसने ती एकदाच चालवली आणि तेच उत्तर सगळीकडे डकवलं.

म्हणून नावं अ‍ॅरेमध्ये (क्रमांक लावलेल्या यादीत) ठेवा आणि जागा अशी काढा: फ्लोअर(रँडम() * ४०) + १, आणि त्याचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, करा. रँडम() ० ते १ मधला आकडा देतो आणि फ्लोअर अपूर्णांक कापून टाकतो. पोस्टग्रेसचा अ‍ॅरे १ पासून सुरू होतो. फ्लोअरच्या जागी राउंड लावून शेवटचा + १ सोडलात, तर अधूनमधून ० येतो आणि त्या सभासदाचं नाव नल, म्हणजे रिकामं, होतं. आवृत्ती १७ पासून रँडम(१, ४०) असं थेट लिहिता येतं. चाळीस नावं आणि साठ आडनावं घेतली तर २,४०० जोड्या होतात, म्हणजे एकेक नाव सरासरी ऐंशीवेळा तरी येणार. येऊ द्या. खऱ्या संस्थेत संतोष पाटील काय एकच असतो?

आडनावांत कुऱ्हाडे, गोऱ्हे आणि गावांत कऱ्हाड हवंच. ‘कऱ्हाड’ डोळ्यांना तीन अक्षरी दिसतं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, १८ बाइट. बाइट मोजून कापणारी एखादी जुनी एक्स्पोर्ट फाइल तिथेच मरते. शिवाय हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. दिसायला सारखंच, पण शोधलं तर सापडत नाही. दोन्ही तऱ्हा डेटात घाला.

आता खरी मेख. रँडम() सगळ्यांना सारखं वाटतो आणि खरा डेटा कधीच सारखा वाटलेला नसतो. पंचवीस शाखांत दोन लाख सभासद टाकले, तर प्रत्येकीला आठेक हजार येतात. अशी संस्था मी तरी पाहिलेली नाही. म्हणून रँडमचा वर्ग करायचा: फ्लोअर(२५ * पॉवर(रँडम(), २)) + १. मग पहिल्या शाखेत चाळीसेक हजार सभासद जातात आणि पंचविसाव्या शाखेत चारेक हजार. यामुळे क्वेरीचं वागणं बदलतं. छोट्या शाखेसाठी इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) वापरणारा प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, मोठ्या शाखेसाठी अख्खं टेबल वाचायचं ठरवू शकतो, आणि तुमची यादी नेमकी तिथेच रेंगाळते. भरून झालं की अ‍ॅनलाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा, नाहीतर प्लॅनर अंदाजानेच चालतो.

तारखांमध्ये २९ फेब्रुवारी, ३१ मार्च आणि १ एप्रिल भरपूर ठेवा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असेल, तर आपल्या रात्री बारा ते साडेपाचमधल्या नोंदीही हव्यात. १ एप्रिलला पहाटे दोनची नोंद तिथे ३१ मार्चची दिसते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात.

मोबाइल नंबर जपून. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे बनवलेत, तर तो बहुधा कुणाचातरी असतोच आणि हप्ता थकल्याचा एसएमएस भलत्याच माणसाला जातो. चाचणीच्या मशिनवर मी एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली ठेवतच नाही. ईमेलला एक्झाम्पल डॉट कॉम वापरा, ते अशाच कामांसाठी राखून ठेवलेलं आहे. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही. त्यामुळे मी १ ने सुरू करते आणि शेवटचा तपासणी अंक व्हरहॉफ पद्धतीने बरोबर काढते. गणित जुळतं, पण माणूस कुणीच नसतो.

सगळ्याच्या आधी, त्याच सेशनमध्ये (डेटाबेसच्या त्याच जोडणीत), सेटसीड(०.४२), म्हणजे रँडमची सुरुवात ठरवून देणारी आज्ञा. उणे १ ते १ मधला कुठलाही आकडा चालतो. मग उद्याही तोच डेटा तयार होतो आणि आज दिसलेला बग उद्या गायब होत नाही.

पहिल्या अकरा ओळी मात्र मी अजून हातानेच लिहिते: आडनाव नसलेला, शिल्लक शून्य असलेला, खातं उघडल्याच दिवशी बंद केलेला, वारसदार म्हणून स्वतःचंच नाव दिलेला. आणि एक सुनंदा.