मुलीच्या अनवट नावाचा माग कसा काढावा

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, बारशाची कार्डं, तेराव्याचे कागद असं सगळं मी जुळवते. बावीस वर्षं दिवसभर लोकांची नावंच टाइप करत आले आहे. गेल्या पावसात भावाला मुलगी झाली. मघा नक्षत्र, पहिला चरण, म्हणजे अक्षर 'मा'. आत्या मीच. कानात नाव सांगायचा मान माझा, म्हणून ते पारखायचं कामही मीच अंगावर घेतलं.

मानसी, माधवी, मानवी अशी यादी घरात फिरत होती. भाऊ म्हणाला, "मांडवी ठेवूया." आतून आई लगेच म्हणाली, "न्हंयचें नांव चेडवाक दवरतात?" म्हणजे नदीचं नाव मुलीला ठेवतात का? बारशाला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी जे केलं ते इथे लिहिते, कारण दुकानात येणारे आईबाप मला नेमकं हेच विचारतात.

सर्वांत आधी नाव कागदावर सगळ्या रूपांत लिहून काढा. मांडवी आणि माण्डवी ही आपल्याला एकच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. अनुस्वाराने शोधलं तर संस्कृत ग्रंथातलं परसवर्णाचं, म्हणजे अनुस्वाराऐवजी जोडाक्षराने लिहिलेलं रूप सापडत नाही आणि उलटही तसंच. शिवाय संस्कृतात नाव विभक्तीत बदलतं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात जनक चौघा भावांची लग्नं लावतो, तिथे तो भरताला म्हणतो, 'गृहाण पाणिं माण्डव्याः', म्हणजे मांडवीचा हात धर. मी 'माण्डवी' शोधत बसले असते तर ही ओळ हाती लागलीच नसती. म्हणून शेवटची वेलांटी सोडून 'माण्डव' एवढंच टाकून शोधावं.

नाव कुठे सापडलं की ती व्यक्ती कोण, हे पाहा. मांडवी ही कुशध्वजाची मुलगी, जनकाची पुतणी. श्रुतकीर्ती तिची सख्खी बहीण, सीता आणि ऊर्मिला चुलत बहिणी. उत्तरकांडात भरताच्या दोन मुलांची नावं येतात, तक्ष आणि पुष्कल. तक्षशिला आणि पुष्कलावती ही नगरं त्यांच्यासाठी वसवली अशी कथा आहे. अशा नावांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश मराठीत हाताशी असावा. त्यात व्यक्तीसोबत ती कुठल्या ग्रंथात येते त्याचा आधारही दिलेला असतो. मला आधाराचंच महत्त्व वाटतं. जालावरच्या नावांच्या याद्यांत एकाच नावाला तीन-तीन गोड अर्थ चिकटवलेले असतात आणि आधार एकाचाही नसतो. विशेषनामाला शब्दार्थ असलाच पाहिजे असं नाही. ते कुणी धारण केलं, हाच पुष्कळदा त्याचा अर्थ.

यानंतर मराठी कोश उघडा, संस्कृतावर थांबू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कागदी प्रती चाळायच्या तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जावं. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे, कोश मागितल्यावर तिथले लोक आपुलकीने काढून देतात.

मोल्सवर्थमध्ये मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. मुंबईची मांडवी, कच्छमधलं मांडवी बंदर ही नावं त्याच शब्दातली. हे वाचून भावाचा चेहरा उतरला. मी त्याला समजावलं, उच्चार एक असला म्हणून शब्द एक होत नाही. रामायणातलं विशेषनाम वेगळं, पेठेतलं सामान्यनाम वेगळं. आणि उच्चार जुळतो एवढ्यावरून आपली नदी यांपैकी कुठल्या मांडवीची हे ठरवून टाकू नये, त्याला जुना कागद किंवा शिलालेख लागतो. पण हा दुसरा अर्थ नाव ठेवण्याआधी आईबापांना माहीत असायलाच हवा. शाळेत गेल्यावर कुणीतरी तो मुलीला सांगणारच.

मग गाव आणि नकाशा. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावून ही नदी गोव्यात सत्तरी तालुक्यात येते ती म्हादई म्हणून. तिथल्या माणसाला तिचं मांडवी हे नाव खालच्या अंगाचं, पणजीकडचं वाटतं. आमच्या डिचोलीची वाळवंटी तिलाच जाऊन मिळते. लहानपणी रायबंदरहून चोडणला फेरीबोटीतून जाताना बाबा आम्हां दोघांना कठड्यापाशी उभं करायचे आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमचें उदक हांगा येता," आपलं पाणी इथे येतं. भावाच्या मनात हे नाव तिथून आलं होतं. हेही टिपून ठेवा, कारण नाव घरात कुठून आलं हा त्याच्या उगमाचाच एक भाग आहे आणि तो कुठल्याच कोशात मिळणार नाही.

कोशात नसलेली नावंही असतात. आपल्याकडची देवीची नावं त्यांतलीच, सातेरी, केळबाय, लईराई, मोरजाई. त्यांच्यासाठी देवळात जा, पुजाऱ्याशी आणि गावकरांशी बोला. सातेरी कोशात शोधण्यापेक्षा तिच्या गर्भकुडीतलं वारूळ एकदा डोळ्यांनी पाहावं. आपण ज्याला रोयण म्हणतो ते मातीचं रूप पाहिलं की ती भूमीची देवी का, हे सांगावं लागत नाही.

आता आईचा आक्षेप. वडीलधाऱ्यांचं बोलणं उडवून लावू नका, त्यामागचा धागा शोधा. आईच्या म्हणण्याला मनुस्मृतीत आधार निघाला. तिसऱ्या अध्यायात कुठल्या मुलीशी लग्न करू नये ते सांगताना नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावं असलेल्या मुली वर्ज्य सांगितल्या आहेत. मी तो श्लोक आईला वाचून दाखवला आणि तिच्याच घरातली नावं मोजायला सांगितली. तिची आजी गंगा, मावशी गोदावरी, मोठी जाऊ यमुना. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तर मांडवी कित्याक न्हय?" मग मांडवी का नको? लोकांनी तो नियम कधी पाळलाच नव्हता, हे तिचं तिलाच पटलं.

नाव किती दुर्मिळ आहे हे कळायला मेहनत लागते. अमेरिकेत सरकार १८८० पासूनच्या नावांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करतं, आपल्याकडे तशी यादी निघत नाही. त्यामुळे मराठी नावापुढे कुणी लोकप्रियतेचा क्रमांक लिहिलेला दिसला तर तो बहुधा परदेशातला असतो. आपल्याकडे उपयोगी पडते ती मतदार यादी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती भागवार मिळते. त्यात नावासमोर वय असतं, म्हणून नाव किती जणींचं आहे याबरोबरच कुठल्या पिढीचं आहे तेही दिसतं. सत्तर वर्षांपुढच्या बायकांतच सापडणारं नाव जुनं होऊन विसरलेलं असतं. अठराच्या खालच्यांसाठी बालवाडीच्या बाईंना विचारावं.

एक गोष्ट मात्र गोव्यात विसरू नका. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आपल्याकडे फार होती, म्हणून यादीत दिसतं ते सासरचं नाव. एकदा एका बाईंच्या तेराव्याचा कागद करताना नाव 'लक्ष्मी' लिहिलं होतं. त्यांची लेक काउंटरवर उभी राहून हळूच म्हणाली, "आईचं माहेरचं नाव आबोली. शेवटी कुणी तिला त्या नावाने हाक मारणारं उरलं नव्हतं." मी कंसात आबोली घातलं आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हापासून माझ्या वहीत माहेरच्या नावाचा वेगळा रकाना आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांचं माहेरचं नाव आवर्जून विचारा. कितीतरी सुंदर नावं तिथेच अडकून पडली आहेत. पोर्तुगीज काळातल्या नोंदी पाहाल तर 'श' च्या जागी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, 'एक्स' (X) असतो हे ध्यानात ठेवा, नाहीतर तुमची शांता सापडणार नाही.

शेवटी नोंदणी. जन्म २१ दिवसांत नोंदवावा लागतो, पण नाव त्याच वेळी घालायची सक्ती नाही. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा घाई करू नका, रोमी स्पेलिंग मात्र आधी ठरवा. आमच्या नावात मधे 'ओ' घातला (Mandovi) तर पोर्तुगीज वळणाची नदी, 'ए' घातला (Mandavi) तर रामायणातली, काहीच नाही घातलं (Mandvi) तर कच्छचं बंदर. आम्ही 'ए' घेतला. मी मोठ्या टाइपात दोन्ही लिप्यांत नाव छापून भावाच्या हातात दिलं आणि सांगितलं, अर्ज भरताना हा कागद शेजारी ठेव, आणि दाखला मिळाला की खिडकीवरून हलायच्या आधी एकेक अक्षर बोट ठेवून वाच.