पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला गोव्याचा गट न्यायचा असेल तर

ऑगस्ट 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसबद्दल सांखळी, डिचोली, फोंडा भागातले सायकलवाले मला विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा सायकलचाच असतो. कार्बनची घ्यावी की स्टीलची? मी 2023 ला जाऊन आले. माझं सांगणं असं की आधी गटाचं बघा. सायकल आहे तीच बहुतेक वेळा चालते. कोण कुणासाठी किती थांबणार हे घरी बसून ठरलं नसेल, तर ते फ्रान्समधल्या एखाद्या खेड्यात रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना ठरवावं लागतं. त्या वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं आणि वर्षानुवर्षांची मैत्री दुखावते.

ज्यांना ही राइड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ती दर चार वर्षांनी भरवतो. पॅरिसजवळच्या रांबुये गावातून निघायचं, अटलांटिकच्या बाजूला ब्रेस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. अंतर सुमारे 1200 किमी, एकूण चढ 12 हजार मीटरच्या आसपास. बहुतेक जण 90 तासांच्या मुदतीत नाव घालतात. पहिली स्पर्धा 1891 ला झाली होती. आता ती शर्यत राहिलेली नाही, क्रमांक कुणाला मिळत नाही. वेळेत पोचलात की पोचलात.

जायला मिळावं म्हणून त्याच सीझनमध्ये 200, 300, 400 आणि 600 किमीच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायच्या लांब राइड, पुऱ्या कराव्या लागतात. मुदत अनुक्रमे साडेतेरा, 20, 27 आणि 40 तास. पण खरी मेख आदल्या वर्षात आहे. पूर्वनोंदणी टप्प्याटप्प्याने उघडते, आणि आदल्या वर्षी ज्याने जास्त लांबीची ब्रेव्हे केली त्याला आधी नाव घालता येतं. म्हणजे 2026 मध्ये गटातल्या प्रत्येकाने झेपेल तेवढी लांब ब्रेव्हे करून ठेवलेली बरी. एकाची 1000 आणि दुसऱ्याची 200 असेल, तर दोघांना एकाच वेळच्या स्टार्टला जागा मिळेलच असं नाही. गोव्यातल्या तारखा जमल्या नाहीत तर बेळगाव, कोल्हापूर, पुणे आहेच.

आता हिशोब. 90 तासांत 1200 म्हणजे ताशी साडेतेरा किमीपेक्षाही कमी, ऐकायला सोपं वाटतं. चालत्या सायकलीचा वेग 20 धरला तर 60 तास पेडल मारण्यात जातात. उरले 30. जाता-येता मिळून डझनाहून जास्त कंट्रोल, म्हणजे हजेरीची ठिकाणं, आहेत, शिवाय वाटेतले खाण्याचे थांबे. प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का, पाणी, शौचालयाची रांग, जेवण यात 40 मिनिटं गेली तरी 10 तास गेले. पंक्चर, पाऊस, कपडे बदलणं यात आणखी काही. झोपेला जे राहतं ते चार रात्रींत वाटून घ्यायचं. पाच जणांचा गट प्रत्येक थांब्यावर एकमेकांसाठी 15 मिनिटं जादा रेंगाळला, तर एक अख्खी झोप गेली. बाकीचं सगळं या आकड्यांवरून ठरवायचं.

आमच्यात ठरलं होतं ते असं. रात्री जोडीने चालवायचं, दिवसा ज्याने त्याने आपल्या गतीने. कंट्रोलवर पोचल्यावर बाहेर पडायची वेळ घड्याळ बघून आधीच सांगायची, आणि ती झाली की तयार असेल त्याने निघायचं. मागे राहिलेल्याने रुसायचं नाही, पुढे गेलेल्याने मागे बघत बसायचं नाही. याला अपवाद एकच. हँडलवर डुलक्या घेणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, जोडीदाराने त्याच्याबरोबर थांबायचं. लुदेआकच्या कंट्रोलला, साधारण 440 व्या किलोमीटरवर, म्हापशाचा माझा जोडीदार मला म्हणाला, "ताई, माझे पाय संपले. मी दोन तास पडतो, तुम्ही निघा." तो झोपायच्या हॉलच्या दारात उभा होता, आता सायकलवर बसणार नव्हता. मी त्याचे दिवे चार्जिंगला लागलेत ना एवढं बघितलं आणि निघाले. घरी ठरलेलं नसतं तर मी थांबले असते आणि आमची दोघांचीही वेळ गेली असती. तो मला दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर समोरून येताना दिसला, हात करून गेला, आणि वेळेत पोचलाही.

लुदेआकवरून आठवलं, ड्रॉप बॅग, म्हणजे आपल्या सामानाची पिशवी, पुढे पाठवायची सोय घेतलीत तर ती तिथेच ठेवा. जाताना आणि येताना दोन्ही वेळा ते गाव लागतं, त्यामुळे धुतलेले बिब शॉर्ट आणि कोरडे मोजे दोनदा मिळतात. कंट्रोलवरच्या हॉलमध्ये खाटा असतात. थोडे युरो द्यायचे, उठवायची वेळ सांगायची, स्वयंसेवक त्या वेळेला येऊन हलवून उठवतात. सोबत गाडी आणणार असाल तर मदत फक्त कंट्रोलवरच घेता येते. मधल्या रस्त्यात घेतली तर दंडाची वेळ बसते.

सरावाला चोर्ला आणि अनमोड घाट सगळे सांगतात. माझ्या घरापासून चोर्ला जवळ, म्हणून मलाही तोच सोयीचा. पण फ्रान्समधला चढ घाटासारखा नाही. उतरलो की चढ, चढलो की उतार, दिवसभर तेच, सपाट तुकडा क्वचित. सगळ्यांत उंच रोक ट्रेवेझेलचा चढ, तोही 400 मीटरच्या आतला. गुडघे मोडतात ते या न संपणाऱ्या उंचवट्यांनी. असा रस्ता आपल्याकडे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडल्यावर मिळतो. बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली करत राजापूरला जाऊन परत या, 300 किमीच्या वर भरतं. जून-जुलैत पावसात, रात्री, जोडीदाराबरोबर करा. तो भुकेला, भिजलेला, झोपाळलेला कसा वागतो हे कळतं. मला वाटतं या एका राइडवरूनच जोड्या ठरवाव्यात.

थंडी हलक्यात घेऊ नका. ऑगस्ट असला तरी पहाटे पारा 10 अंशांखाली जाऊ शकतो, आणि आपल्याला विशीच्या खालचं तापमानच क्वचित भेटतं. आर्म वॉर्मर, पूर्ण बोटांचे हातमोजे, लोकरीचा पातळ थर आणि खरोखर पाणी अडवणारं जॅकेट प्रत्येकाकडे हवं. रात्री परावर्तक जाकीट सक्तीचं आहे, आणि पुढचा-मागचा दिवा सायकलला पक्का बसवलेला लागतो.

तिथे वाहतूक उजवीकडून. म्हणून आपण उजव्या हँडलला लावतो तो आरसा काढून डावीकडे बसवा, आणि निघण्याआधी त्याच्यासह पुष्कळ चालवा, म्हणजे मान आपोआप डावीकडे वळते. गोल चौकात उजवीकडे वळून शिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी हँडलवर उजवा बाण काढलेली चिकटपट्टी लावली होती, कारण धोका थकल्यावर असतो, बेकरीतून बाहेर पडून सायकल सुरू करताना. तिकडची सायकल भाड्याने घेणार असाल तर पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. उतारावर जाण्याआधी दोनदा दाबून बघा.

सायकल खोक्यात घालण्याची रंगीत तालीम घरी करा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवून सुटतं. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून चेनस्टेजवळ, म्हणजे फ्रेमच्या मागच्या खालच्या नळीजवळ, गुंडाळून बांधा आणि तो ज्यावर बसतो तो हँगर एक जादा घ्याच, तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि परगावी पटकन मिळत नाही. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पॅड जुळतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर कंट्रोलवर पास्ता, भात, बटाटे, सूप, दही, पाव यावर भागतं. सँडविचमध्ये मात्र हॅम असतंच असं धरून चाला. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे तुपातले लाडू आणि पेढे घरीच राहू द्या. शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे, चटणीपूड न्या. खेड्यांतली दुकानं रविवारी दुपारी आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद असतात, आणि राइड रविवारीच सुरू होते. पण वाटेवर लोक अंगणात टेबल मांडून बसलेले असतात, कॉफी, पाणी, क्रेप (पातळ धिरडी) देतात, मध्यरात्रीसुद्धा. कुणी पैसे घेत नाही. थांबा, दोन शब्द बोला, मेर्सी म्हणा. तेवढी पाच मिनिटं हिशोबात धरा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट भराभर संपतात, म्हणून गटातल्या सगळ्यांची कागदपत्रं एकाच आठवड्यात तयार ठेवा. घरच्यांना एक समजावून सांगा. पायाला बांधलेल्या चिपमुळे आपली नोंद फक्त कंट्रोलवर होते, मधले कित्येक तास काहीच दिसत नाही. आपल्यापेक्षा फ्रान्स साडेतीन तास मागे असल्यामुळे सकाळी उठल्या उठल्या आई काळजीत पडायची.

परतीचं तिकीट राइड संपल्यावर दोन दिवस सोडून काढा. हाताची बोटं बधिर असतात, स्पॅनर धरवत नाही आणि खोकं पुन्हा भरायचं असतं. त्याहून जास्त दिवस मात्र ठेवू नका. 2027 ला चवथ सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आहे, आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला घरी माणसं लागतात.