छेदात क्ष असेल तर आडवा गुणाकार करू नका: असमानता सोडवायची माझी पद्धत

परवा संध्याकाळी शेजारची अकरावीतली मुलगी वही घेऊन आली, पाऊस धो धो पडत होता म्हणून आम्ही पडवीतच बसलो. गणित होतं (क्ष + ३)/(क्ष − २) ≥ २. तिनं छेद सरळ पलीकडे नेलेला, क्ष + ३ ≥ २क्ष − ४, म्हंजे क्ष ≤ ७, दोन ओळीत काम संपलं आणि उत्तराखाली दोन रेघा पण मारलेल्या. मी म्हटलं बाय, क्षच्या जागी ० घालून बघ. वर ३, खाली उणे २, म्हंजे उणे दीड आलं, आणि उणे दीड काय दोनपेक्षा मोठं नसतं. ती वहीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "पण मावशी, स्टेप तर बरोबर आहे ना?"

नाही, स्टेपच चुकली होती. ही चूक इतकी मुलं करतात आणि इतके मार्क घालवतात की नीट बसून लिहायचं ठरवलं.

३ < ५ हे खरं, पण दोन्ही बाजूंना उणे १ ने गुणलं की −३ > −५ होतं, चिन्ह उलटतं, हे सगळ्यांना पाठ असतं. आता क्ष − २ ने गुणताय तर ते धन आहे की ऋण हे तुम्हाला कुठे माहीत आहे? क्ष १० असेल तर धन, क्ष ० असेल तर ऋण. म्हंजे चिन्ह उलटायचं की नाही हेच ठरलेलं नाही आणि तुम्ही गुणून मोकळे झालात. समीकरणात, म्हंजे बरोबरचं चिन्ह असताना, हे चालून जातं (छेद शून्य होणार नाही एवढं बघितलं की झालं) आणि दहावीपर्यंत आपण तेच करत आलेलो असतो, म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

मग करायचं काय? पलीकडे शून्य ठेवायचं, सगळं अलीकडे आणायचं आणि एकच अपूर्णांक करायचा.

(क्ष + ३)/(क्ष − २) − २ ≥ ०
(क्ष + ३ − २क्ष + ४)/(क्ष − २) ≥ ०
(७ − क्ष)/(क्ष − २) ≥ ०

उणे २ कंसात गुणताना उणे उणे अधिक होतं तिथे सावकाश जा, अर्धी मुलं तिथेच घसरतात आणि पुढचं सगळं बरोबर करून पण उत्तर चुकतं.

आता अंश कधी शून्य होतो, क्ष = ७ ला, आणि छेद कधी, क्ष = २ ला. हे दोन आकडे संख्यारेषेवर मांडा. हेच दोन का तर पणजीहून बेतीला जायचं तर मांडवी नदी ओलांडल्याशिवाय जाता येत नाही, फेरीबोटीनं जा नायतर पुलावरून, तसंच अपूर्णांकाला धनाचं ऋण व्हायचं असेल तर एकतर शून्यातून जावं लागतं नायतर छेद शून्य होतो तिथे तुटून उडी मारावी लागते. तिसरी वाट नाही. म्हणून २ आणि ७ सोडून दुसरीकडे कुठेच चिन्ह बदलू शकत नाही, आणि प्रत्येक तुकड्यात एकच आकडा घालून बघितला तरी पुरतो.

क्ष = ० घातला तर ७/(−२), ऋण. क्ष = ३ घातला तर ४/१, धन. क्ष = १० घातला तर (−३)/८, ऋण. आपल्याला शून्य किंवा धन पाहिजे, म्हंजे मधला तुकडा आपला.

टोकांचं काय? ७ ला अंश शून्य, सगळा अपूर्णांक शून्य, आणि ≥ असल्यामुळे शून्य चालतो, तर ७ घ्यायचा, भरीव ठिपका. २ ला छेद शून्य, तिथे अपूर्णांकाला अर्थच नाही, तर चिन्ह ≥ असो की > असो २ कधीच घ्यायचा नाही, पोकळ वर्तुळ. उत्तर २ < क्ष ≤ ७. मी तर मुलांना सांगते की छेदाच्या आकड्यांवर पोकळ वर्तुळ सगळ्यात आधी काढून टाका, बाकीचा विचार नंतर करा, कारण शेवटी घाईत ते राहून जातंच.

आता जरा अवघड, आणि मला सगळ्यात आवडणारं. (क्ष − १)²(क्ष + ४)/(क्ष − ३) ≥ ०. आकडे तीन, −४, १ आणि ३. बरीच मुलं उजवीकडून अधिक, उणे, अधिक, उणे असं डोळे मिटून लिहीत जातात, आणि इथे फसतात. वर्ग आहे ना! (क्ष − १)² कधी ऋण होतच नाही, त्यामुळे १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही. घालून बघा, ३ च्या पलीकडे धन, १ ते ३ मधे ऋण, −४ ते १ मधे परत ऋणच, −४ च्या अलीकडे धन. म्हंजे क्ष ≤ −४ किंवा क्ष > ३. झालं? नाही झालं, १ राहिला. क्ष = १ ला अंश शून्य होतो आणि शून्य आपल्याला चालतो, तर दोन्ही बाजूंना ऋण असलं तरी मधे तो एकटा ठिपका उत्तरात येतोच. पूर्ण उत्तर: क्ष ≤ −४, किंवा क्ष = १, किंवा क्ष > ३. हा एकटा १ ज्याला दिसला त्याला विषय कळला असं मी समजते.

वरखाली सारखा अवयव असेल तर काटा, पण विसरू नका. (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष − २) < ० मधे वर (क्ष − २)(क्ष − ३) होतं, क्ष − २ कटतो आणि उरतं क्ष < ३. पण मूळ गणितात २ चालत नव्हता तो काटल्यावर पण चालत नाही, म्हणून क्ष < ३ आणि क्ष ≠ २.

मग छेदानं कधीच गुणायचं नाही का? गुणायचं, छेद धन आहे याची खात्री असेल तर बिनधास्त गुणायचं. (क्ष − ५)/(क्ष² + क्ष + १) < ० घ्या, छेदाचा विवेचक १ − ४ = −३ येतो, म्हंजे तो कधी शून्य होत नाही, कायम धन, तर गुणा आणि क्ष < ५ लिहा. नायतर हिशोबच असा असतो की क्ष ऋण असूच शकत नाही. समजा जत्रेत खाज्यांचं दुकान घालायचं, जागेचे आणि मांडवाचे मिळून ६००० रुपये, आणि एक किलो खाजं करायला १२० रुपये लागतात. किलोमागे एकूण खर्च १५० च्या वर जाऊ नये तर किती किलो खपायला पाहिजे? (६००० + १२०क्ष)/क्ष ≤ १५०. इथे क्ष म्हंजे किलो, तो धनच, तर आडवं गुणा, ६००० ≤ ३०क्ष, क्ष ≥ २००. फक्त गुणायच्या आधी 'क्ष > ०' एवढं पेपरात लिहा, कारण तुम्ही मनात विचार केला होता हे तपासणाऱ्याला कसं कळणार?

त्या मुलीला शेवटी मी १/क्ष < १ दिलं. दिसायला किती साधं, पण पटकन करणारे सगळे क्ष > १ लिहून मोकळे होतात. तिनं १ अलीकडे आणला, (१ − क्ष)/क्ष < ०, ० आणि १ वर पोकळ वर्तुळं काढली आणि मग −१ घालून बघितला. २ भागिले −१, ऋण. "मावशी, उण्याकडची बाजू पण आली!" आणि तिनं लिहिलं क्ष < ० किंवा क्ष > १. पावसानं वहीचं पान एका कडेनं ओलं झालेलं, तिनं ते तसंच पुसून पुढचं गणित लिहायला घेतलं.